मेदाच्या मापाची कसोटी

वाण्याच्या तराजूची प्रमाणित वजनांशी पडताळणी करून त्यावर सरकारी मोहोर उमटविण्याचा शिरस्ता आपल्या परिचयाचा आहे. परंतु ज्या यंत्रावर उभे राहून अथवा आडवे पडून आपण आपल्या देहात मेद किती आणि मांस किती याचा दाखला मिळवितो, ते यंत्र कशाशी ताडून पाहावे, हा प्रश्न पुष्कळच बिकट आहे. कारण जिवंत देहातील मेद विलग करून पारड्यात घालता येत नाही.

यंत्रापुरती खातरजमा अर्थातच होऊ शकते. त्वचेची घडी मोजणाऱ्या हार्पेंडन कॅलिपरच्या जबड्यांचा दाब दर चौरस मिलिमीटरला 10 ग्रॅम राहिला पाहिजे, कारण स्प्रिंग सैलावली की तीच घडी जाड भरते. विद्युत्‌रोध मोजणाऱ्या यंत्राला देहाऐवजी ठराविक ओहमचा रोधक जोडून पाहतात. आणि दोन भिन्न ऊर्जांच्या क्ष-किरणांनी अस्थी, मेद व मांस यांचा निवाडा करणाऱ्या डेक्सा यंत्राखाली, दिवसाचा पहिला रुग्ण येण्यापूर्वी, ज्याला तंत्रज्ञ फँटम म्हणतात तो ज्ञात घनतेचा कृत्रिम मणका ठेवून त्याचे आकडे आलेखावर मांडतात, म्हणजे नकळत वाढत जाणारी तफावत वेळीच नजरेस येते.

तथापि यंत्र निर्दोष ठरले तरी त्यामागील गृहीतके उरतातच. पाण्याखालील वजनावरून मेद काढण्याच्या, विल्यम सिरी यांनी 1961 साली मांडलेल्या सूत्रात मेदाची घनता 0.9 आणि उर्वरित देहाची 1.1 धरलेली आहे. विद्युत्‌रोधाच्या गणितात मेदविरहित देहाचा सुमारे 73 टक्के भाग पाणी असल्याचे मानलेले आहे. आणि त्वचेच्या घड्यांवरून मेद काढण्याची डर्निन व वोमर्सली यांची 1974 मधील सुप्रसिद्ध समीकरणे स्कॉटलंडातील स्त्रीपुरुषांच्या मोजमापांवर उभी आहेत. आपल्या देहांची ठेवण त्यांच्याहून निराळी असू शकते, हे पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी 2004 साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचेच उदाहरण पुढे करून दाखविले, आणि त्या एका पानाचे मोल मला फार मोठे वाटते: उभयतांचा देहभारांक 22.3, परंतु मेद युडकिन यांच्या ठायी 9.1 टक्के, तर याज्ञिक यांच्या ठायी 21.2 टक्के.

म्हणून दोन निरनिराळ्या यंत्रांचे आकडे शेजारी मांडून हर्ष अथवा खेद करू नये. मोजणी त्याच यंत्रावर, त्याच वेळी, रिकाम्या पोटी करावी, आणि यंत्राची शेवटची पडताळणी केव्हा झाली व त्यातील सूत्र कोणत्या लोकांवर बेतलेले आहे, हे दोन प्रश्न तपासणी केंद्रात निःसंकोच विचारावेत.