फुकटचे गाणे आणि त्याची किंमत

आज मोबाईलवर हवे ते गाणे क्षणात ऐकू येते. जुने भावगीत असो की कालच प्रदर्शित झालेले चित्रपटगीत, नाव टाकले की गाणे हजर. परंतु ही सोय सहजासहजी झालेली नाही. तिच्यापायी अमेरिकेत वर्षानुवर्षे कोर्टकचेऱ्या चालल्या, मोठमोठी दुकाने बंद पडली आणि एका बारा वर्षांच्या मुलीवरही खटला झाला. संगीताच्या व्यवसायाला इंटरनेटशी जुळवून घेताना काय सोसावे लागले आणि त्यातून आपण काय शिकावे, याची ओळख आम्ही या लेखात करून देत आहोत.

दोन तासांची अकरा मिनिटे

प्रथम थोडे गणित करू. १९८२ मध्ये बाजारात आलेल्या सीडीवर आवाज आकड्यांच्या रूपात साठवलेला असतो. एका सेकंदात आवाजाची ४४,१०० वेळा नोंद होते, प्रत्येक नोंद १६ बिटांची असते आणि डावा व उजवा असे दोन प्रवाह असतात. यांचा गुणाकार केला की सेकंदाला सुमारे १४ लाख बिट होतात. म्हणजे पाच मिनिटांच्या गाण्याला जवळजवळ ५३ मेगाबाइट जागा लागते. त्या काळी टेलिफोनच्या तारेवरून चालणारा मोडेम फार तर सेकंदाला ५६ हजार बिट आणत असे. या वेगाने एक गाणे उतरवायला दोन तासांहून अधिक वेळ लागला असता. एवढी चिकाटी कोण दाखवणार?

जर्मनीतील फ्राउनहोफर संस्थेच्या शास्त्रज्ञांनी इतर सहकाऱ्यांबरोबर यावर उपाय शोधला. मनुष्याच्या कानाला सर्वच आवाज ऐकू येत नाहीत. ढोल वाजत असताना शेजारच्याची कुजबुज आपल्या कानावर येत नाही, हा सर्वांचाच अनुभव आहे. गाण्यातही मोठ्या आवाजाखाली झाकले जाणारे बारीक आवाज असतात. ते गाळून टाकले तरी ऐकणाऱ्याला फारसा फरक जाणवत नाही. या तत्त्वावर तयार झालेल्या पद्धतीला १९९५ मध्ये एमपी३ हे नाव मिळाले. तिच्यामुळे तेच गाणे सुमारे पाच मेगाबाइटमध्ये बसू लागले आणि मोडेमवरून साधारण साडेअकरा मिनिटांत उतरू लागले. पुढचे सारे रामायण या एका बदलातून घडले.

नॅप्स्टरचा उदय आणि अस्त

अमेरिकेत तेव्हा एका सीडीची किंमत सुमारे १५ डॉलर होती. त्यातील एखादेच गाणे आवडले तरी सबंध सीडी विकत घ्यावी लागे. १९९९ मध्ये शॉन फॅनिंग या महाविद्यालयीन तरुणाने नॅप्स्टर ही सेवा सुरू केली. वधूवर सूचक केंद्रात फक्त नोंदवही असते आणि स्थळे आपापल्या घरी असतात, तसा हा प्रकार होता. कोणाच्या संगणकात कोणते गाणे आहे याची यादी नॅप्स्टरकडे असे. गाणे मात्र एकाच्या घरातून थेट दुसऱ्याच्या घरी जाई. पाहता पाहता कोट्यवधी लोक यात सामील झाले.

डिसेंबर १९९९ मध्ये ध्वनिमुद्रण कंपन्यांनी नॅप्स्टरवर खटला भरला. गाणी आम्ही ठेवतच नाही, असा बचाव नॅप्स्टरने केला. परंतु आपल्या यादीतून काय चालले आहे हे कंपनीला ठाऊक होते व ते थांबवणेही तिच्या हाती होते, असे न्यायालयाला दिसले. जुलै २००१ मध्ये सेवा बंद पडली आणि पुढच्या वर्षी कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली.

कंपन्या खटला जिंकल्या, पण प्रश्न सुटला नाही. नॅप्स्टरची यादी एका ठिकाणी होती, म्हणून ती बंद करता आली. नंतर आलेल्या अनेक पद्धतींत तशी मध्यवर्ती यादीच नव्हती. एक दार बंद केले तर दहा खिडक्या उघडल्या, अशी गत झाली.

ग्राहकावरच खटला

मग सप्टेंबर २००३ मध्ये कंपन्यांच्या संघटनेने थेट सामान्य लोकांना कोर्टात खेचले. पहिल्याच फेरीत २६१ जणांवर दावे दाखल झाले. न्यूयॉर्कमधील ती बारा वर्षांची मुलगी त्यांतलीच. तिच्या आईने २,००० डॉलर भरून तडजोड केली. असे दावे २००८ पर्यंत चालले व त्यांची संख्या तीस हजारांच्या वर गेली. एवढे करूनही फुकट डाउनलोड थांबले नाही. कंपन्यांची बदनामी मात्र झाली.

दुसरा उपाय कुलपाचा होता. २००५ मध्ये सोनी बीएमजीच्या काही सीडींमध्ये नक्कल रोखणारा प्रोग्राम असल्याचे उघडकीस आले. तो ग्राहकाला नीट न सांगता त्याच्या संगणकात लपून बसत असे आणि त्याच्या आडोशाने व्हायरसही लपू शकत. अखेर कंपनीला त्या सीडी परत मागवाव्या लागल्या. यातील विसंगती पाहा. ज्याने पैसे मोजून सीडी घेतली त्यालाच त्रास झाला. ज्याने फुकट गाणे उतरवले त्याला काहीच झाले नाही.

सोय विकत घेणारा ग्राहक

एप्रिल २००३ मध्ये अ‍ॅपल कंपनीने आयट्यून्स हे गाण्यांचे दुकान इंटरनेटवर उघडले. दोन लाख गाणी आणि प्रत्येकाची किंमत ९९ सेंट. पहिल्या आठवड्यातच दहा लाख गाणी विकली गेली. लोक पैसे द्यायला तयार होते. त्यांना सुटे गाणे, रास्त दर आणि सोपी रीत हवी होती.

तरीही उत्पन्नाची घसरण चालूच राहिली. पूर्वी १५ डॉलरची सीडी घेणारा आता एका डॉलरचे गाणे घेऊन थांबू लागला. फुकट डाउनलोड तर होतेच. अमेरिकेतील ध्वनिमुद्रित संगीताचे उत्पन्न १९९९ मध्ये १४.६ अब्ज डॉलर होते. २०१५ मध्ये ते ६.७ अब्जांवर आले. टॉवर रेकॉर्ड्स या प्रसिद्ध कंपनीची अमेरिकेतील दुकाने २००६ मध्येच बंद झाली होती.

पुढे गाणे विकण्याऐवजी ऐकण्याची वर्गणी घेण्याची पद्धत रुजली. स्वीडनमधील स्पॉटिफाय २००८ मध्ये सुरू झाली व २०१९ मध्ये भारतात आली. आपल्याकडे २०१६ नंतर मोबाईलवरील इंटरनेट स्वस्त झाले आणि ही पद्धत घरोघरी पोहोचली. २०२३ मध्ये अमेरिकेतील उत्पन्न १७.१ अब्ज डॉलर झाले आणि त्यातील सुमारे ८४ टक्के या मार्गाने आले. अर्थात, महागाई जमेस धरली तर १९९९ ची पातळी अजून गाठलेली नाही.

कलावंताच्या हाती काय?

हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे. एका वेळच्या ऐकण्यामागे मिळणारी रक्कम एका सेंटहूनही बरीच कमी असते. तीही कंपनी, गायक, गीतकार, संगीतकार अशी वाटली जाते. २०२४ पासून स्पॉटिफायवर ज्या गाण्याला वर्षभरात १,००० श्रोतेखेपाही मिळत नाहीत, त्याला ध्वनिमुद्रणाचे मानधन मिळत नाही. जगभर गाजणाऱ्या गायकाला याची झळ लागत नाही. पण मराठीत नव्याने गाऊ लागलेल्या एखाद्या मुलीला ती नक्कीच लागते.

आपल्या देशात २०१२ मध्ये कॉपीराइट कायद्यात महत्त्वाची दुरुस्ती झाली. पूर्वी गीतकार व संगीतकार बहुधा एकरकमी पैसे घेऊन सर्व हक्क निर्मात्याला लिहून देत. गाणे पुढे पन्नास वर्षे वाजले तरी त्यांच्या घरी काही येत नसे. आता चित्रपटगृहाबाहेर त्या गाण्याचा जो वापर होईल, त्याच्या मानधनात त्यांचा समान वाटा राहतो व तो हक्क कंपनीला लिहून घेता येत नाही. गीतकार जावेद अख्तर यांनी राज्यसभेत या दुरुस्तीची बाजू जोरकसपणे मांडली होती.

शाळेत आणि घरी

पालकांपैकी अनेकांनी लहानपणी दुकानातून कोऱ्या कॅसेटवर आवडती गाणी भरून आणली असतील. म्हणून केवळ मुलांना दोष देण्यात अर्थ नाही. परंतु एक कॅसेट आणि इंटरनेटवरून पसरणाऱ्या लाखो प्रती यांत फरक आहे.

शाळेच्या कार्यक्रमांपुरती कायद्याने सवलत दिली आहे. विद्यार्थी व शिक्षकांनी शाळेच्या उपक्रमात गीत किंवा नाटक सादर करता येते. श्रोते म्हणून शाळेची मंडळी व पालक एवढेच असतील तर ध्वनिमुद्रित गाणेही वाजवता येते. मात्र तेच गाणे घातलेली चित्रफीत सर्वांसाठी इंटरनेटवर टाकणे या सवलतीत बसतेच असे नाही. विश्वस्त व शिक्षकांनी हे ध्यानात ठेवावे. चित्रपटगृहात मोबाईलवर चित्रण करण्याला तर २०२३ च्या दुरुस्तीनुसार तीन महिने ते तीन वर्षे कैद आणि दंड अशी शिक्षा आहे. गंमत म्हणूनही कोणी तसे करू नये.

या साऱ्या इतिहासातून आम्हाला दोन गोष्टी दिसतात. व्यापाऱ्याने ग्राहकाची गरज ओळखली नाही तर कायदा त्याच्या बाजूने असूनही त्याचा धंदा बुडतो. आणि ग्राहकाने फुकटाची सवय लावून घेतली तर नवे गाणे लिहिणाराच उरत नाही.

विद्यार्थ्यांसाठी एक छोटा गृहपाठ. आपल्या आवडीची पाच मराठी गाणी घ्या आणि प्रत्येकाचे गीतकार, संगीतकार व गायक शोधून वहीत लिहा. मोबाईलच्या पडद्यावर बहुधा गायकाचेच नाव ठळक दिसते. बाकीची नावे शोधण्यासाठी घरातील वडीलधाऱ्यांची मदत घ्या. वह्या आपल्या वर्गशिक्षकांना दाखवाव्यात.