प्रिंटर बंद, उत्तरं छापील!

बारा मिनिटांच्या दुरुस्तीला ऐंशी दिवस का लागतात? कस्टमर केअरच्या चक्रात सापडल्यावर कळलेल्या काही गोष्टी, आणि त्यातून बाहेर पडायचा रस्ता.

‘पेपरलेस’ हा शब्द ज्याने काढला, तो नक्कीच भाड्याच्या घरात राहत नसणार. मोबाइलमध्ये सगळं असतं हो! पण लीव्ह अँड लायसन्सच्या अ‍ॅग्रीमेंटची प्रत सोसायटीला कागदावरच लागते. एचआरला पॅनकार्डाची सही केलेली कॉपी लागते. व्हिसाच्या फायलीत तर सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट. आणि हे सगळं नेमकं रात्री साडेदहाला आठवतं, जेव्हा खालचा झेरॉक्सवाला शटर ओढून घरी गेलेला असतो. मग आपण घरात प्रिंटर आणतो. सेलमध्ये, घसघशीत डिस्काउंटवर, छापणं-स्कॅन-कॉपी असं सगळं करणारा थ्री-इन-वन.

मी आणला १० जून २०२३ ला. किंमत ४,७९९ रुपये, वॉरंटी एक वर्ष. दहा महिने गुणी बाळासारखा चालला. मग आला १३ एप्रिल २०२४ चा शनिवार. बाबांच्या मेडिक्लेमची ३८ पानं काढायची होती आणि सोमवार ही फाइल जमा करायची शेवटची तारीख. प्रिंटरने दोन पानं काढली, घसा खाकरल्यासारखा आवाज केला आणि स्क्रीनवर लिहिलं, ‘पेपर जॅम’. मागचं झाकण उघडलं, टॉर्च मारून पाहिलं. आत कागदाचा कपटासुद्धा नव्हता. बंद करून चालू केला, तरी तेच. पोट रिकामं आणि तक्रार अपचनाची!

उरलेली ३६ पानं खालून काढून आणली आणि कस्टमर केअरला फोन लावला.

मराठीसाठी तीन दाबा

मी तीन दाबलं. संगीत वाजलं. ‘आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे’ हे शुद्ध मराठीत चौदा मिनिटं ऐकलं. मग एक आवाज आला, ‘मॅडम, हिंदी में बात कर सकते हैं?’

त्यानंतर जे प्रश्न आले ते पुढच्या प्रत्येक फोनला त्याच क्रमाने आले. नाव काय, पिन कोड काय, सीरियल नंबर काय. (तो प्रिंटरच्या बुडाला असतो, म्हणजे फोन कानात धरून यंत्र उलटं करायचं.) पॉवर ऑफ करून ऑन केला का? केबल नीट बसलीय का? शाई ओरिजिनल वापरता ना? अहो, कागद अडकल्याची तक्रार आहे, शाईचा काय संबंध? ‘मॅडम, प्रोसेस है.’

पहिला तक्रार नंबर मिळाला. टेक्निशियन मंगळवारी येणार, सकाळी दहा ते संध्याकाळी सहाच्या दरम्यान. म्हणजे रजा! मी घेतली. दिवसभर बेलची वाट पाहिली. साडेसहाला मेसेज आला: ‘ग्राहक पत्त्यावर उपलब्ध नव्हते. आपली तक्रार बंद करण्यात आली आहे. आमच्या सेवेला किती गुण द्याल?’

घ्या! पुन्हा फोन, पुन्हा तीन दाबा, पुन्हा सीरियल नंबर. येरे माझ्या मागल्या.

समोरचा माणूस व्हिलन नाही

मालाडच्या एका कॉल सेंटरमध्ये तीन वर्षं काढलेली माझी एक मैत्रीण आहे. तिच्याकडे मी मनसोक्त बडबड केली. ती शांतपणे म्हणाली, ‘तुझ्या प्रिंटरचं काय होतं हे त्याच्या स्क्रीनवर कुठे मोजलंच जात नाही.’

मोजलं काय जातं? एक कॉल सरासरी किती मिनिटांत संपला ते. दिवसात किती तक्रारी ‘बंद’ झाल्या ते. ठरलेली वाक्यं ठरलेल्या क्रमाने बोलला की नाही ते. तुमची तक्रार सुटली किंवा नुसतीच मिटली, तर दोन्हीला स्क्रीनवर रंग एकच, हिरवा. शिवाय फोन उचलणारा बऱ्याचदा प्रिंटर कंपनीचा नोकरच नसतो. कॉल सेंटर एका कंत्राटदाराचं, घरी येणारा टेक्निशियन दुसऱ्या फ्रँचायझीचा, आणि पार्ट येणार तिसऱ्या गोदामातून. त्याच्यावर ओरडलात तर फक्त तुमचं बीपी वाढतं. पार्ट तरीही गोदामातच.

हे पटलं ते टेक्निशियन प्रत्यक्ष आल्यावर. २७ एप्रिलला एक पोरगा आला. पाठीवर सॅक, घामाघूम, दिवसातली सातवी व्हिजिट. त्याने दोन मिनिटांत रोग ओळखला. कागद जातो त्या वाटेवर प्लास्टिकची एक छोटी जीभ असते. कागद आला की ती दबते, गेला की स्प्रिंगने परत जागेवर येते. तिच्या हालचालीने एक बारीक प्रकाशकिरण अडतो किंवा सुटतो आणि त्यावरून यंत्राला कळतं की कागद आत आहे की नाही. माझ्या प्रिंटरची ती स्प्रिंग तुटली होती. जीभ दबलेलीच राहिली, म्हणून यंत्राला वाटत होतं कागद अजून आत आहे.

‘पार्ट मागवतो मॅडम. ओटीपी द्या.’

‘कसला ओटीपी? तुम्ही आल्याचा, की काम झाल्याचा?’

तो ओशाळून हसला. ‘दोन्हीचा एकच असतो. नाही दिला तर माझी व्हिजिट लागत नाही, पैसे कट होतात.’

आता बोला! ओटीपी द्यावा तर तक्रार बंद, न द्यावा तर उन्हातून आलेल्या पोराच्या पोटावर पाय. शेवटी आम्ही दोघांनी मधला मार्ग काढला. सर्व्हिस स्लिपवर त्याने स्वतःच्या हाताने लिहिलं, ‘सेन्सर लिव्हर स्प्रिंग तुटली, पार्ट बाकी, काम अपूर्ण’. खाली तारीख, त्याची सही, माझी सही. मी फोटो काढला आणि मग ओटीपी दिला. दुसऱ्या दिवशी मेसेज आला: ‘अभिनंदन! आपली तक्रार यशस्वीपणे सोडवण्यात आली आहे.’

चार आण्याची कोंबडी

मे महिना ‘पार्ट ऑन द वे’ ऐकण्यात गेला. वैतागून मी लॅमिंग्टन रोडच्या एका रिपेअरवाल्याला फोटो पाठवले. तो म्हणाला, ‘तीनशे रुपये, पंधरा मिनिटं. पण उघडला की स्टिकर फाटणार, मग कंपनी वॉरंटीला हात लावू देणार नाही.’ मी थांबले.

थांबल्या थांबल्या हिशेब केला. माझ्या प्रिंटरची काळी आणि रंगीत कार्ट्रिज मिळून १,९५० रुपये. तीनदा बदलली की नव्या प्रिंटरचे पैसे केव्हाच पार! चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात तो हाच. स्वस्त कार्ट्रिज-प्रिंटरचा धंदाच असा आहे: यंत्र कमी नफ्यात द्यायचं आणि शाईवर कमवायचं. म्हणूनच तर प्रत्येक फोनवर ‘ओरिजिनल शाई?’ हा प्रश्न. कार्ट्रिजवर चिप बसवतात तीही याचसाठी, दुसऱ्याची शाई ओळखता यावी म्हणून. अमेरिकेत हे भांडण पार सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं होतं. लेक्समार्क कंपनीच्या खटल्यात ३० मे २०१७ ला कोर्टाने सांगितलं, एकदा कार्ट्रिज विकलं की त्यावरचा पेटंटचा हक्क संपला. पुढे गिऱ्हाइकाने ते पुन्हा भरून घेतलं तर पेटंट पुढे करून त्याला अडवता येणार नाही.

शाई विकण्यात पैसा आणि स्प्रिंग बसवण्यात खर्च, मग माझी स्प्रिंग कुणाच्या यादीत वर असणार?

प्रिंटरवर वैतागणाऱ्यांचा इतिहास मात्र थोर आहे बरं का! १९८० च्या सुमारास अमेरिकेतल्या एमआयटीच्या प्रयोगशाळेत झेरॉक्सचा एक लेझर प्रिंटर आला. तो सारखा जॅम व्हायचा. रिचर्ड स्टॉलमन या प्रोग्रामरने आधीच्या प्रिंटरमध्ये अशी सोय केली होती की जॅम झाला की सगळ्यांना निरोप जाईल. नव्या प्रिंटरचा मूळ प्रोग्राम मात्र त्याला कुणी देईना, करार आडवा आला. तो राग त्याच्या मनात राहिला आणि १९८३ मध्ये त्याने ‘ग्नू’ हा मुक्त सॉफ्टवेअरचा प्रकल्प जाहीर केला. त्याच चळवळीचा परवाना घेऊन लिनक्स वाढलं, आणि तुमच्या अँड्रॉइड फोनच्या पोटात तेच लिनक्स आहे. अडकलेल्या कागदाने एवढं घडवलं. आपण निदान एक ईमेल लिहायला हरकत नाही!

वॉरंटी संपली, मॅडम

१० जूनला वर्ष पूर्ण झालं. १२ तारखेला सकाळी मला चक्क त्यांचाच फोन आला. ‘मॅडम, आपका पार्ट आ गया है. लेकिन वॉरंटी खतम हो गयी है. व्हिजिट के छह सौ, पार्ट का अलग.’

इथे सगळा डाव लक्षात आला. प्रत्येक वेळी तक्रार ‘बंद’ होत होती, म्हणजे त्यांच्या दप्तरी १० जूनच्या आत माझी एकही तक्रार उघडी नव्हती. वेळ मी दिला, रजा मी घेतली आणि घड्याळ मात्र त्यांचं चालत होतं. सहाशे रुपये गेल्याने कुणी भिकेला लागत नाही. पण ते दिले असते तर ऐंशीतले साठ दिवस खोटे ठरले असते.

माझ्याकडे २७ एप्रिलची स्लिप होती. त्याच दिवशी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल केला: खरेदीची तारीख, तीन तक्रार नंबर, सतरा फोनच्या तारखा आणि वेळा, स्लिपचा फोटो. शेवटी एकच वाक्य. दोष वॉरंटीच्या काळात नोंदला गेला आहे, दुरुस्ती विनामूल्य हवी, पंधरा दिवसांची मुदत. उत्तर आलं ते छापील: ‘आपल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत.’

पंधरा दिवस वाट न पाहता मी १९१५ ला फोन लावला. ही केंद्र सरकारची राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. पैसे लागत नाहीत, वकील लागत नाही. ती निकाल देत नाही, पण तुमची तक्रार थेट कंपनीपुढे ठेवते आणि उत्तर मागते. मला नंबर मिळाला आणि दोन आठवड्यांत कंपनीच्या ‘एस्कलेशन टीम’चा फोन आला. या बाईंना माझा सीरियल नंबर विचारावाच लागला नाही!

२ जुलैला तोच पोरगा आला. स्प्रिंग बसवली, एक पान छापून दाखवलं. घड्याळ लावून बारा मिनिटं. ओटीपी मी यावेळी न विचारता दिला.

तुमच्यावर ही वेळ आली तर

* तक्रार नेहमी लेखी करा. फोन केलात तरी पाठोपाठ ईमेल टाका: ‘आज इतक्या वाजता बोलणं झालं, असं सांगण्यात आलं’. फोन ‘क्वालिटीसाठी’ रेकॉर्ड होतो तो त्यांच्याकडे, तुमच्याकडे नाही.

* काम न होता तक्रार बंद झाली तर त्याच दिवशी कळवा आणि नव्या तक्रारीत जुना नंबर लिहा. वॉरंटीत मोलाची असते ती तुमच्या पहिल्या तक्रारीची तारीख.

* ओटीपी देण्याआधी स्लिपवर खरं काय झालं ते लिहून घ्या. टेक्निशियनशी भांडू नका, बऱ्याचदा तोच तुमचा साक्षीदार असतो.

* ऑनलाइन घेतलं असेल तर वेबसाइटलाही हात झटकता येत नाहीत. ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांप्रमाणे तिथल्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात तोडगा द्यायचा असतो.

* १९१५ नेही भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. २० जुलै २०२० पासून लागू झालेल्या नव्या ग्राहक कायद्यामुळे तुम्ही राहता किंवा नोकरी करता तिथेच तक्रार करता येते. वस्तू पाच लाखांपर्यंतची असेल तर फी नाही. मुदत दोन वर्षांची. १ जानेवारी २०२५ पासून हे ‘ई-जागृती’ पोर्टलवर घरबसल्या करता येतं. निकाल लागायला वेळ लागू शकतो, पण नोटीस गेल्यावर अनेक कंपन्या आपणहून बोलायला येतात.

* एकट्याने जमत नसेल तर १९७५ पासून काम करणारी मुंबई ग्राहक पंचायत आहे. दुरुस्ती आणि पार्टची माहिती हवी असेल तर २४ डिसेंबर २०२२ ला सुरू झालेलं सरकारचं ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल बघा.

आणि बिल, वॉरंटी कार्ड, ईमेल, स्लिप हे सगळं एका फायलीत ठेवा. मोबाइलमध्ये आहेच हो, पण कागदावरसुद्धा. प्रिंटर चालू आहे तोवर एकेक प्रत काढूनच घ्या!