पिसाची माशी आणि चढणीचा मासा



ज्याचे आयुष्य मजुरांच्या संघटनेत गेले, त्याने गळाने मासे धरण्याच्या साहेबी छंदावर बोलावे, याचे आपल्याला नवल वाटेल. माझे शाळेतले शिक्षण सातवीत संपले. पुढचे रद्दीच्या दुकानातल्या पुस्तकांनी केले. अशाच एका पुस्तकात ट्राउट माशाची गाठ पडली, आणि वाचता वाचता मला पेठच्या आमच्या नद्या दिसू लागल्या.

प्रथम हा प्रकार काय आहे ते सांगतो. आपल्याकडे गळाला गांडूळ किंवा कणकेची गोळी लावतात, दोरीला शिशाचा तुकडा बांधतात, आणि त्या वजनाने गळ लांब जातो. या प्रकारात आमिषच खोटे असते. बारीक गळावर धाग्याने कोंबड्याची पिसे आणि सशाची लव गुंडाळतात आणि तिला नदीकाठच्या किड्याचे रूप देतात. या बनावट माशीला वजन जवळजवळ नसतेच. मग ती फेकायची कशी? तर येथे वजन दोरीला असते. लवचिक काठी मागे झटकायची, दोरी पाठीमागे पुरती उलगडू द्यायची आणि मग पुढे झटकायची. दोरी हवेत उलगडत जाते आणि टोकाची माशी झाडावरून पडल्यासारखी अलगद पाण्यावर टेकते. काही माश्या तरंगणाऱ्या असतात, काही बुडणाऱ्या. कारण खरे किडेही आयुष्याचा मोठा भाग तळाच्या दगडांखाली अळीच्या रूपात काढतात आणि मग वर येऊन उडतात.

हात बसला तरी निम्मेच काम होते. उरलेले निम्मे म्हणजे नदी वाचणे. मासा प्रवाहाकडे तोंड करून उभा असतो. वेगाच्या पाण्यात त्याची शक्ती फुकट जाते, आणि संथ पाण्यात अन्न वाहून येत नाही. म्हणून तो मोठ्या दगडाच्या आडोशाला, संथ आणि वेगवान पाण्याच्या शिवेवर थांबतो. हे वाचून मी आमच्या पाड्यावरच्या एका म्हाताऱ्या कोकणा बाबांना सांगितले. ते हसले आणि म्हणाले, ‘‘यासाठी पुस्तक कशाला लागतं रे?’’

ट्राउट आपल्या नद्यांत नाही. त्याला थंड, खळाळते, प्राणवायूने भरलेले पाणी लागते. पाण्याचे तापमान वीस अंशांच्या वर गेले की तो कासावीस होतो. १९०० च्या सुमारास इंग्रजांनी तो काश्मिरात आणला, पुढे निलगिरीच्या ओढ्यांतही रुजवला. त्यांपैकी इंद्रधनुषी ट्राउटचे मूळ घर पॅसिफिक महासागराच्या उत्तर किनाऱ्यावरच्या डोंगरी नद्या हे होय. त्याच जातीचे काही मासे नदीत जन्मतात, एक ते तीन वर्षे तेथे वाढतात, समुद्रात उतरतात, आणि दोन-तीन वर्षांनी थोराड होऊन अंडी घालायला पुन्हा आपल्याच नदीत चढतात. त्यांना स्टीलहेड म्हणतात. मादी शेपटीने तळाची वाळू-खडी उकरते आणि त्या खळग्यात अंडी घालते. तिकडचे सामन मासे अंडी घालून मरतात. स्टीलहेडपैकी काही मात्र जगून पुन्हा समुद्राला जातात.

आता आमच्याकडे या. मृगाचा पाऊस कोसळला, ओहोळ लाल पाण्याने भरले, की डोहात उन्हाळा काढलेले मासे अंडी घालायला उलट्या धारेने वर निघतात. हाच चढणीचा मासा. दिवाळीनंतर द्राक्षबागांच्या कामाला दिंडोरी-निफाडकडे गेलेला मजूर पावसाच्या तोंडावर घरी परतलेला असतो. घरात दाणा थोडा असतो. तो बांबूच्या कामट्यांचा सापळा लावतो आणि त्याच्या मुलांना त्या आठवड्यात पोटभर कालवण मिळते. त्याला दोष देण्याची माझी जीभ रेटणार नाही.

पण एक गोष्ट कबूल केली पाहिजे. मी विशीत असताना रस्त्याच्या कामावरून उरलेली जिलेटिनची कांडी आम्ही चौघांनी एका डोहात टाकली. मोठे मासे पोटे वर करून तरंगले. आम्ही दोन पाट्या भरल्या. बोटाएवढी पिले किती बुडाली, ती कोणी मोजली नाहीत. पुढची काही वर्षे त्या डोहात गळ टाकणारा रिकाम्या हाताने परतला. सापळा त्या दिवसाचे मासे घेतो. स्फोट आणि विष डोहाचे बियाणेच नेतात. १८९७ च्या मत्स्य कायद्यानेच या दोन्ही गोष्टी गुन्हा ठरवल्या होत्या. पण कायदा कचेरीत राहिला आणि डोह रानात.

मग डोह राखायचा कोणी? येथे स्टीलहेडच्याच मुलखातली एक हकीकत उपयोगी पडते. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात जुन्या करारांनी आदिवासींना मासेमारीचा हक्क दिलेला होता. तरी पोलीस त्यांची जाळी जप्त करीत, आणि काठीवाले शौकीन म्हणत की जाळ्यांनीच मासा संपवला. निस्क्वाली जमातीचे बिली फ्रँक यांना यापायी पन्नासाहून अधिक वेळा अटक झाली. पहिली १९४५ साली, वयाच्या चौदाव्या वर्षी. १९७४ साली न्यायमूर्ती बोल्ट यांनी निकाल दिला, की धरता येण्याजोग्या माशांचा निम्मा वाटा आदिवासींचा आहे. १९७९ साली वरिष्ठ न्यायालयाने तो उचलून धरला. त्या निकालातून आणखी एक गोष्ट आली, ती मला वाट्याहून मोठी वाटते. मासे किती आहेत, किती धरायचे, नदी कशी राखायची, हे ठरवण्याच्या कामात आदिवासी सरकारच्या बरोबरीने बसू लागले.

आपल्याकडेही दार उघडलेले आहे. १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातल्या लहान जलाशयांची व्यवस्था पंचायतींकडे दिली, आणि २००६ च्या वनहक्क कायद्याने मासे व पाण्यातल्या इतर उपजांवर गावाचा सामूहिक हक्क मान्य केला. पेठ तालुका अनुसूचित क्षेत्रात आहे. हक्काचा अर्ज भरणे संघटनेला येते. त्याच्या जोडीला ग्रामसभेने तीन ठराव करावेत, असे मी म्हणतो. जिलेटिन आणि रामेठ्याचे विष बंद. चढणीचे पहिले काही दिवस ओहोळाच्या अर्ध्या पात्रात सापळा नाही. आणि प्रत्येक गावाचा एक डोह राखीव. हे अशक्य नाही. महाडजवळ वाळण कोंडीचा डोह आहे. देवीच्या धाकाने तेथले महासीर कोणी धरीत नाही, म्हणून ते टिकले. जे देवीच्या नावाने होते, ते ग्रामसभेच्या नावाने का होऊ नये?

पिसाची माशी आपल्याला नको. तिच्यामागची नजर मात्र आपली जुनीच आहे: मासा कोठे उभा राहतो, केव्हा चढतो, केव्हा त्याला सोडून द्यावे. त्या हसणाऱ्या बाबांना हे सारे ठाऊक होते. त्यांच्या नातवाला ते कळावे एवढे मासे नदीत शिल्लक राहोत, इतकीच इच्छा व्यक्त करतो आणि आपली रजा घेतो.