श्रेणी लावणारा कारकून – आपल्याच संगणकात

परीक्षा संपली की तुम्हाला सुट्टीचे वेध लागतात. पण तुमच्या गुरुजींचे आणि बाईंचे खरे काम तेव्हाच सुरू होते. ते काम किती असते, हे आधी मोजून पाहू या.

समजा, बुलढाणा जिल्ह्यात लोणार तालुक्यातील एका शाळेत सहावीचा वर्ग आहे. पटावर ४० मुले-मुली आहेत. मराठी, हिंदी, इंग्रजी, गणित, विज्ञान आणि सामाजिक शास्त्रे या ६ विषयांत प्रत्येकाला दोन प्रकारचे गुण मिळतात. वर्गात चालणाऱ्या कामाचे ते ‘आकारिक’ गुण आणि सत्राच्या शेवटी होणाऱ्या परीक्षेचे ते ‘संकलित’ गुण. कला, कार्यानुभव आणि शारीरिक शिक्षण या ३ विषयांत फक्त आकारिक गुण असतात. म्हणजे प्रत्येकाचे १५ आकडे झाले. ४० जणांचे झाले ६००. त्यांतून २४० बेरजा करावयाच्या आणि ३६० श्रेणी लावावयाच्या. तेही एका सत्रात! एवढ्या बेरजांत एखादी चुकली, तर ती चूक कागदावर राहत नाही. ती कोणातरी मुलाच्या वाट्याला येते.

हे काम संगणकावर सोपवता येईल का? येईल. त्यासाठी मोठे यंत्र किंवा इंटरनेटची जोडणीही लागत नाही. शाळेत असलेला साधा संगणक पुरतो. कसा, ते पाहू.

नियम आधी, यंत्र नंतर

संगणकाला अंदाज बांधता येत नाही. त्याला नियम स्पष्ट सांगावा लागतो. महाराष्ट्र शासनाने २० ऑगस्ट २०१० च्या निर्णयाने पहिली ते आठवीसाठी सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाची पद्धत आणली. तिच्यात पाचवी-सहावीसाठी आकारिक ५० आणि संकलित ५० असे गुण ठरले. शंभरांपैकी ९१ ते १०० गुणांना अ-१, ८१ ते ९० ला अ-२, ७१ ते ८० ला ब-१, ६१ ते ७० ला ब-२, ५१ ते ६० ला क-१, ४१ ते ५० ला क-२, ३३ ते ४० ला ड, २१ ते ३२ ला इ-१ आणि २० व त्याखालील गुणांना इ-२ अशा श्रेणी होत्या. आपल्या उदाहरणासाठी आपण हेच कोष्टक घेऊ.

खिडकी, कारकून आणि कपाट

वेबवर चालणाऱ्या आज्ञावलीचे तीन भाग असतात. शाळेच्या कार्यालयाकडे पाहा, म्हणजे ते चटकन समजतील. दाखला हवा असला की तुम्ही खिडकीशी जाता. आत कारकून बसलेला असतो. तो नियम पाहतो, कपाटातील रजिस्टर काढतो, त्यातली नोंद शोधतो आणि दाखला लिहून खिडकीतून तुमच्या हाती देतो. तुम्ही स्वतः कपाटाला हात लावत नाही.

संगणकात खिडकीचे काम ब्राउझर करतो. कारकून म्हणजे सर्व्हर आणि त्याच्याजवळची आज्ञावली. कपाट म्हणजे माहितीसाठा. त्यात तक्त्यांच्या रूपाने नावे आणि गुण ठेवलेले असतात. एरवी खिडकी तुमच्या गावात आणि कारकून व कपाट शेकडो किलोमीटर दूर असतात. मग हे तिन्ही भाग एकाच संगणकात बसवले तर? काहीही अडत नाही! जगातला पहिला वेब सर्व्हर असाच टेबलावरच्या एका संगणकात होता. १९९० साली स्वित्झर्लंडमधील सर्न या संस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी तो चालवला. कोणी चुकून बंद करू नये, म्हणून त्या संगणकावर ‘हे यंत्र सर्व्हर आहे, बंद करू नका’ अशा अर्थाची चिठ्ठी चिकटवलेली होती.

स्वतःलाच पाठवलेले पत्र

जाळ्यातील प्रत्येक संगणकाला आकड्यांचा पत्ता असतो. त्यांपैकी १२७.०.०.१ हा पत्ता मोठा गमतीचा आहे. त्याचा अर्थ ‘मी स्वतः’. या पत्त्यावर पाठवलेला संदेश संगणकाबाहेर पडतच नाही; आतल्या आत वळून परत येतो. मेहकरच्या पोस्टमास्तरांनी स्वतःच्याच नावे पत्र टाकावे आणि ते थैलीत न जाता त्यांच्याच टेबलावर यावे, तसे. या पत्त्याला ‘लोकलहोस्ट’ असे नावही आहे. म्हणून इंटरनेटची तार काढून ठेवली तरी आपले काम थांबत नाही.

पण एका संगणकात अनेक आज्ञावल्या चालू असतात. संदेश नेमका कोणाला द्यायचा? शेगाव स्टेशनावर उतरायचे हे ठरले, तरी गाडी कोणत्या फलाटावर येणार हे कळावे लागते ना? तसे पत्त्याबरोबर फलाटाचा क्रमांकही असतो. त्याला ‘पोर्ट’ म्हणतात. वेब सर्व्हरचा नेहमीचा पोर्ट ८०. आपण वापरणार तो माहितीसाठा ३३०६ वर असतो.

मांडणी करू या

सर्व्हर, आज्ञावली चालवणारा भाग आणि माहितीसाठा हे वेगवेगळे मिळवून जुळवणे किचकट असते. म्हणून ‘झॅम्प’ नावाचा एक तयार संच विनामूल्य मिळतो. त्यात अपाचे हा सर्व्हर, मारियाडीबी हा माहितीसाठा आणि पीएचपी ही आज्ञावली लिहिण्याची भाषा एकत्र असतात. एकदा इंटरनेटवरून उतरवून घेतला, की पेनड्राइव्हने तो कोणत्याही गावी नेता येतो.

पहिली पायरी : संच संगणकात बसवा. त्याच्या नियंत्रण-फलकावर अपाचे आणि माहितीसाठा या दोन नावांसमोरची ‘स्टार्ट’ ही कळ दाबा.

दुसरी पायरी : ब्राउझर उघडून पत्त्याच्या जागी ‘लोकलहोस्ट’ हे नाव रोमन अक्षरांत लिहा. संचाचे स्वागताचे पान दिसले, की कारकून कामावर हजर झाला असे समजा. अपाचे सुरूच झाला नाही, तर बहुधा ८० क्रमांकाचा फलाट दुसऱ्या आज्ञावलीने अडवलेला असतो. मग अपाचेला ८०८० असा दुसरा क्रमांक द्यावा. पत्ता लिहिताना तोच क्रमांक विसर्गचिन्हासारखे दोन टिंब देऊन पुढे जोडावा.

तिसरी पायरी : श्रेणी लावणाऱ्या आज्ञावलीचे फोल्डर संचातल्या ‘एचटीडॉक्स’ या फोल्डरमध्ये ठेवा. सर्व्हर फक्त तेथेच पाहतो. नाव लिहिताना एका अक्षराची चूक झाली तरी पडद्यावर ४०४ हा आकडा येतो. त्याचा अर्थ ‘मागितलेले पान सापडले नाही’.

चौथी पायरी : माहितीसाठ्यात तक्ते तयार करा. विद्यार्थ्यांचा एक, विषयांचा एक, गुणांचा एक आणि श्रेणींचा एक. गुणांच्या तक्त्यात विद्यार्थ्याचे नाव न लिहिता त्याचा क्रमांक लिहावा. कारण एकाच नावाच्या दोन मुली एका वर्गात असू शकतात, पण एकाच क्रमांकाच्या असत नाहीत. श्रेणींच्या मर्यादाही तक्त्यातच ठेवाव्यात. डिसेंबर २०२३ मध्ये राज्यात पाचवी आणि आठवीसाठी वार्षिक परीक्षेचा नियम आला. असे नियम बदलतात, तेव्हा सगळी आज्ञावली उकलावी न लागता तक्त्यातल्या काही ओळी बदलून भागते.

पाचवी पायरी : आज्ञावलीच्या मांडणीच्या फाइलमध्ये माहितीसाठ्याचे नाव, वापरणाऱ्याचे नाव आणि पासवर्ड लिहा. येथे एक सावधगिरी हवी. या संचातील माहितीसाठ्याच्या मुख्य वापरकर्त्याला सुरुवातीला पासवर्डच नसतो. कपाट आहे, पण कुलूप नाही! गुण हे मुलांचे खाजगी असतात. तेव्हा कुलूप आधी लावावे आणि गुण नंतर भरावेत.

तीन ठिकाणी ठेच लागते

पहिली ठेच लिपीची. संगणकात प्रत्येक अक्षर आकड्यांच्या रूपात साठवले जाते. युनिकोड या जागतिक संकेतात १९९१ पासून देवनागरी आहे. ‘शेगाव’ हा शब्द संगणकाला श, एकाराची मात्रा, ग, काना आणि व अशा ५ चिन्हांचा दिसतो. यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट जागा लागते, म्हणजे एकूण १५ बाइट. हाच शब्द रोमन लिपीत ७ अक्षरांचा आणि ७ बाइटचा होतो. तक्ता फक्त रोमन अक्षरांसाठी मांडलेला असेल, तर मुलांच्या नावांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हे उमटतात. म्हणून तक्ते तयार करतानाच यूटीएफ-८ निवडावे. प्रश्नचिन्हे एकदा साठली की मूळ नाव परत मिळत नाही.

दुसरी ठेच विजेची. ४० जणांचे गुण साठवण्याची कळ दाबली आणि २३ व्या मुलापाशी वीज गेली, तर? अर्धा वर्ग नवा, अर्धा जुना! यावर माहितीसाठ्यात ‘व्यवहार’ नावाची सोय असते. आज्ञावलीने ‘व्यवहार सुरू’ असे सांगितले, की पुढचे सर्व बदल एक गठ्ठा मानले जातात आणि त्यांची नोंद एका रोजनाम्यात होते. ‘व्यवहार पक्का’ हा शब्द येण्यापूर्वी वीज गेली, तर वीज परत आल्यावर माहितीसाठा रोजनामा तपासतो आणि अर्धवट गठ्ठा रद्द करतो. सगळे किंवा काहीच नाही, असा हा बाणा आहे. तरीही दररोज एक प्रत पेनड्राइव्हवर काढून ती शाळेच्या दुसऱ्या कपाटात ठेवावी. कारण रोजनामा हा जळालेल्या संगणकावरचा उपाय नव्हे.

तिसरी ठेच सर्वांत फसवी. वरचे कोष्टक पुन्हा वाचा. ८१ ते ९० ला अ-२ आणि ९१ ते १०० ला अ-१. आता एखाद्या मुलीला आकारिक ४६ आणि संकलित ४४.५ मिळाले. बेरीज ९०.५. तिची श्रेणी कोणती? कोष्टकात ९० आणि ९१ यांच्या मध्ये फट आहे आणि ९०.५ त्या फटीत पडतो. माणूस क्षणभर थांबून विचार करील. संगणक थांबत नाही. तो त्या मुलीची श्रेणी कोरी सोडून पुढे जातो. अर्धा गुण वर घ्यावयाचा की सोडून द्यावयाचा, हे यंत्राने ठरवू नये. ते शाळेने ठरवावे, सर्वांना सारखे लागू करावे आणि मगच आज्ञावलीत लिहावे.

आधी पारख, मग विश्वास

म्हणूनच अशी आज्ञावली आधी आपल्याच संगणकात चालवून पाहतात. येथे चूक झाली तरी कोणाचे नुकसान होत नाही. पारखण्याची रीत सोपी आहे. खोट्या विद्यार्थ्यांचा एक वर्ग तयार करा आणि त्यांना सीमेवरचे गुण द्या : ०, २०, २१, ३२, ३३, ४०, ४१ असे करत ९०, ९०.५, ९१ आणि १०० पर्यंत. चुका बहुधा सीमेवरच सापडतात. नंतर १०१ आणि वजा ५ हे गुणही भरून पाहा. आज्ञावलीने ते निमूटपणे घेतले, तर ती अजून कच्ची आहे. शेवटी दहा मुलांच्या बेरजा हाताने करून यंत्राच्या उत्तरांशी ताडून पाहा.

संगणक जवळ नसेल तरी हा प्रयोग वहीत करता येईल. श्रेणींचे कोष्टक असे लिहा, की ० ते १०० मधल्या कोणत्याही गुणाला, मग तो अर्धा असो वा पाव, एक आणि एकच श्रेणी मिळेल. एक धागा देतो : प्रत्येक श्रेणीची वरची मर्यादा लिहूच नका; फक्त ‘कमीत कमी किती’ हे लिहा आणि वरून खाली तपासत या. मग तुमचे कोष्टक शेजारच्या मित्राला द्या आणि त्याला त्यात फट शोधायला सांगा. त्याला ती सापडली नाही, तर तुमचा कारकून कामावर घ्यायला हरकत नाही!