भित्रा, पापभीरू आणि बुजदिल

वऱ्हाडातील रिसोडच्या बाजारात ज्या गृहस्थास ‘भित्रा’ म्हटले असता हमरीतुमरीचा प्रसंग ओढवेल, त्यासच ‘पापभीरू’ म्हणावे तर तो प्रसन्न होईल. वस्तुतः दोन्ही शब्द ‘भी’ या एकाच संस्कृत धातूची अपत्ये होत. संस्कृत कवी तर ‘भीरु’ हे संबोधन नायिकेस लाडाने योजीत. पुरुषाच्या पदरी निंदा आणि स्त्रीच्या पदरी कौतुक, हा पक्षपात मला मोठा मौजेचा वाटतो.

१८५३ साली इंग्रजांकडे सोपविला जाईपर्यंत निजामाच्या अमलात असलेल्या या वऱ्हाडी मुलखास, जेथील दफ्तरांवर फारसीची छाप होती, ‘बुजदिल’ हा शब्दही परका नाही. फारसीत ‘बुज’ म्हणजे बकरी आणि ‘दिल’ म्हणजे काळीज. आपणही भेदरट माणसास शेळीच म्हणतो.