बीटी-सीटी नॉर्मल, तरी रक्त थांबेना

दात काढायचा असो, टॉन्सिल असोत की हर्निया. ऑपरेशनआधीच्या चिठ्ठीवर सीबीसी आणि शुगरच्या शेजारी एक जोडी हमखास असते: बीटी (ब्लीडिंग टाइम), सीटी (क्लॉटिंग टाइम). मुंबईतल्या गोवंडीत शिवाजीनगर, बैंगनवाडीच्या रस्त्यांवरच्या छोट्या लॅबमध्ये ती दहाएक मिनिटांत उरकते. बोटाला किंवा कानाच्या पाळीला टोचायचं, दर अर्ध्या मिनिटाला टिपकागदानं रक्त टिपायचं आणि डाग उमटायचा थांबला की घड्याळ पाहायचं, ही बीटी. केसासारख्या बारीक काचनळीत रक्त घ्यायचं, थोड्या थोड्या वेळानं तिचा एकेक तुकडा मोडायचा, आणि तुटलेल्या टोकांमध्ये रक्ताचा धागा ताणलेला दिसला की झाली सीटी. रिपोर्टवर ‘नॉर्मल’ लिहून येतं आणि घरचे, डॉक्टर सगळेच निर्धास्त होतात.

या निर्धास्तपणाला फारसा आधार नाही. टोचून वेळ मोजायची पद्धत ड्यूक या डॉक्टरांनी १९१० साली मांडली. जखम किती खोल, हात गार की ऊबदार, टिपणाऱ्यानं कागद किती दाबला, यावर तिचं उत्तर हलतं. रक्तस्रावाची काही पार्श्वभूमी नसलेल्या माणसाला ऑपरेशनमध्ये किती रक्त जाईल, हे तिच्यावरून सांगता येत नाही, असं अमेरिकेतल्या पॅथॉलॉजिस्टांच्या संघटनेनं १९९८ सालीच म्हटलं होतं. सीटीचं दुखणं वेगळं. गोठवणारा घटक जवळजवळ नाहीसाच झाला असेल तरच ती लांबते. हिमोफिलिया ए या प्रकारात आठ नंबरचा घटक, म्हणजे फॅक्टर एट, कमी असतो. एक टक्क्याखाली असेल तर आजार तीव्र, पाच ते चाळीस टक्के असेल तर सौम्य. सौम्य आजाराच्या मुलाची सीटी बहुधा नॉर्मलच येते. पुढे दाढ काढली की मग दोन-दोन दिवस तोंडातून रक्त झिरपत राहतं.

माझं मत विचाराल तर चिठ्ठीवरची ही जोडी खोडून तिथं काही प्रश्न लिहावेत. गोठण्याची पहिली परीक्षा लॅबमध्ये होत नाही, ती अंगावर आधीच होऊन गेलेली असते. बाळाची नाळ पडली तेव्हा बेंबीतून रक्त येत राहिलं होतं का? कान टोचताना, लस दिल्यावर काय झालं? दुधाचे दात पडताना? पोर रांगायला लागलं तेव्हा गुडघ्यावर मोठाले काळेनिळे डाग यायचे का? मुलीला पाळी पहिल्यापासूनच आठ-दहा दिवस जाते का? गोवंडीतल्या कितीतरी घरांत खतना, म्हणजे सुंता, ही मुलग्याच्या आयुष्यातली पहिली शस्त्रक्रिया, आणि हिमोफिलिया अनेकदा तिथंच पहिल्यांदा उघडा पडतो. ही ओळख फार जुनी आहे. दोन मुलं सुंतेनंतर रक्त जाऊन दगावली असतील तर तिसऱ्याची सुंता करू नये, असा नियम यहुद्यांच्या तालमूदमध्ये सुमारे १८०० वर्षांपूर्वीचा आहे. तेव्हा ना काचनळी होती ना टिपकागद. होती ती घरची हकिगत. म्हणून ‘मामाला असं काही होतं का’ हा प्रश्न विसरायचा नाही. हिमोफिलिया आईकडून मुलाकडे येतो.

हकिगतीत काही खटकलं तर पीटी आणि एपीटीटी या दोन तपासण्या करायच्या. रक्त निळ्या टोपणाच्या नळीत घेतात. तिच्यात आधीच सोडियम सायट्रेट असतं. ते रक्तातलं कॅल्शियम धरून ठेवतं, आणि कॅल्शियमशिवाय गोठण्याची साखळी पुढे सरकत नाही. लॅबमध्ये रक्त फिरवून वरचा पिवळसर प्लाझ्मा वेगळा काढतात, ३७ अंशांवर आणतात, त्यात कॅल्शियम आणि साखळी सुरू करणारं रसायन घालून सेकंद मोजतात. पीटी १९३५ साली आर्मंड क्विक यांनी आणली. तिच्यातलं रसायन पूर्वी सशाच्या मेंदूपासून करत. साखळीला दोन वाटांनी सुरुवात करता येते. एका वाटेची परीक्षा पीटी, दुसरीची एपीटीटी. फॅक्टर एट दुसऱ्या वाटेवर बसतो, त्यामुळे हिमोफिलिया एमध्ये पीटी ठीक आणि एपीटीटी लांबलेली दिसते.

यात सगळ्यात नाजूक काय, तर ती निळी नळी. एक भाग सायट्रेटला नऊ भाग रक्त, हे प्रमाण बिघडलं की सेकंद बिघडले. शीर सापडली नाही, पोर रडतंय, म्हणून अर्धीच भरलेली नळी पुढे पाठवली तर सायट्रेट जास्त होतं आणि धडधाकट मुलाचीही एपीटीटी लांबते. शिवाय एपीटीटीचा नमुना साधारण चार तासांत तपासायला हवा. कलेक्शन सेंटरच्या खोक्यात दुपारपर्यंत पडून राहिलेल्या नळीचं उत्तर मुलाविषयी कमी आणि त्या खोक्याविषयी जास्त सांगतं.

एपीटीटी खरोखरच लांबली तर लॅबवाले रुग्णाचा प्लाझ्मा आणि निरोगी प्लाझ्मा निम्मा-निम्मा मिसळून पुन्हा वेळ घेतात. दही लागत नसेल तर विरजण कमी पडलं की दुधातच काही बिनसलंय, हे चांगलं विरजण घालून पाहिल्यावर कळतं, तसंच हे. मिश्रणाची वेळ नॉर्मलवर आली तर एखादा घटक कमी आहे. नाही आली तर त्या घटकाला मारणारं काहीतरी रक्तात आहे. मग एकेका घटकाची टक्केवारी काढायची.

पण या तपासण्याही दोन्ही बाजूंनी चकवतात. अमेरिकेत जॉन हेगमन नावाच्या रेल्वे कामगाराचं रक्त ऑपरेशनआधीच्या तपासणीत नळीत गोठेचना. गडी मात्र आयुष्यात कधी जास्त रक्ताळला नव्हता. त्याच्यात कमी असलेला बारा नंबरचा घटक आज हेगमन फॅक्टर म्हणून ओळखला जातो, आणि १९६८ साली हेगमन गेला तो रक्तस्रावानं नव्हे, फुप्फुसात गुठळी अडकून. हा घटक काचेला रक्त लागलं की जागा होतो. कोकणात फुरसं किंवा घोणस चावलेल्या माणसाचं रक्त कोरड्या, स्वच्छ काचनळीत वीस मिनिटं ठेवून तिरपं करून पाहतात ते याच्याच जोरावर; प्लास्टिकच्या नळीत किंवा साबणानं धुतलेल्या काचेत ही तपासणी फसते.

उलट बाजूला तेरा नंबरचा घटक. तो नसेल तर पीटी, एपीटीटी दोन्ही नॉर्मल, गुठळीही होते, पण कच्ची. बेंबीतून रक्त येणं ही त्याची खूण. युरियाच्या द्रावणात ती गुठळी विरघळून जाते, तेव्हा आजार कळतो. ग्लांझमान नावाच्या आजारात प्लेटलेटची संख्या भरपूर असते, त्या एकमेकींना चिकटत मात्र नाहीत. डेंग्यूमुळे प्लेटलेटचा आकडा घरोघर पाठ झालाय. पण या आजारात आकड्यावरून काहीच कळत नाही. हे दोन्ही आजार आई-वडील दोघांकडून दोष आला तर होतात, म्हणून आते-मामे भावंडांत लग्नं होणाऱ्या घरांत, धर्म कुठलाही असो, ते जास्त दिसतात.

या सगळ्याचा छडा लावणारी संस्था मुंबईतच आहे. परळला केईएम रुग्णालयाच्या आवारात आयसीएमआरची राष्ट्रीय प्रतिरक्षारुधिरविज्ञान संस्था १९५७ पासून काम करते. सुरुवातीला ती रक्तगटांचं संदर्भ केंद्र होती. हिमोफिलिया ए आणि फॉन विलब्रांड (त्याच नावाचा गोठवणारा घटक कमी पडणारा आजार) या दोन आजारांसाठी पट्टीवर उत्तर देणारं साधं किटही तिथल्या शास्त्रज्ञांनी तयार केलंय. फॅक्टरची इंजेक्शनं राज्यातल्या सरकारी रुग्णालयांतून मोफत मिळतात, पण कोणता घटक किती कमी, हे आधी कागदावर यावं लागतं. हिमोफिलियाचा समावेश २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात आहे, त्या प्रमाणपत्रालाही हाच कागद लागतो.

गोवंडीहून हार्बरनं कुर्ला, तिथं गाडी बदलून परळ. नमुना इथं काढून तिकडे पाठवण्यापेक्षा मुलालाच घेऊन जाणं बरं. फॅक्टर एट नळीत पडल्या पडल्या कमी होत जातो. आणि फॉन विलब्रांडचा संशय असेल तर एकदा नॉर्मल आलं तरी डॉक्टर पुन्हा बोलावतात. ताप, गरोदरपण, अगदी सुई पाहून झालेला आकांतसुद्धा फॉन विलब्रांड घटक तेवढ्यापुरता वाढवतो, म्हणून दुसऱ्या खेपेला पोराला आधी शांत बसवून मगच रक्त घ्यायचं असतं.