शरदात मालवण किनारी

पावसाळ्यात बंद असलेल्या होड्या सुरू झाल्या, तरी समुद्र खरा निवळतो तो ऑक्टोबरात. कोकण रेल्वेने कुडाळला उतरून मालवण गाठावे. डॉल्फिन पाहायला देवबाग किंवा निवतीहून होडीने भल्या सकाळी निघावे. किनाऱ्याजवळ दिसणारे डॉल्फिन बहुधा कुबडवाले असतात: आधी पाठीचा उंचवटा, मग छोटा पर, की लगेच बुडी. होडीवाल्याला इंजिन मंद ठेवायला सांगा. पाठलाग करवूच नका. मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ सालचे. तिथे स्नॉर्केलिंग करताना प्रवाळावर पाय टेकू नये, तो जिवंत असतो. कासवांची पिल्ले मात्र शरदात दिसणार नाहीत. ऑलिव्ह रिडले कासवांच्या माद्या साधारण नोव्हेंबरपासून अंडी घालतात. पिल्लांसाठी फेब्रुवारी-मार्चमध्ये वेगळी फेरी आखावी.